जर्मन सरदार घराणी आणि त्यांच्या पदव्या : लिहिताना या चुका टाळा

‘१२७३ साली ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक रुडॉल्फ हॅब्सबर्ग हा जर्मनीचा सम्राट झाला.’

हे वाक्य कानाला कुठेही खटकत नाही. साल बरोबर आहे, माणूस खरा आहे आणि त्याचे घराणे पुढे जगप्रसिद्ध झाले हेही खरे आहे. तरीही या एवढ्याशा वाक्यात चार चुका आहेत, आणि मध्ययुगीन जर्मन घराण्यांविषयी मराठीत लिहिताना होणाऱ्या बहुतेक चुका याच चार चुकांची भावंडे असतात. म्हणून आधी हेच वाक्य तपासून पाहू.

पहिली चूक ऑस्ट्रियाची. १२७३ मध्ये ऑस्ट्रिया बोहेमियाचा राजा दुसरा ऑटोकार याच्या ताब्यात होता. ऑस्ट्रियावर पूर्वी राज्य करणाऱ्या बाबेनबेर्ग घराण्यातला शेवटचा ड्यूक १२४६ मध्ये लढाईत मारला गेला होता आणि त्यानंतरच्या गोंधळात ऑटोकारने तो मुलूख मिळवला होता. रुडॉल्फची मालमत्ता होती ती आजच्या स्वित्झर्लंडमधील आरगाउ भागात आणि आल्सासमध्ये. ज्या गढीवरून घराण्याला नाव पडले ती हॅब्सबर्ग गढीही आरगाउमध्येच आहे. २६ ऑगस्ट १२७८ रोजी मार्खफेल्डच्या रणांगणावर ऑटोकार मारला गेला, आणि १२८२ मध्ये रुडॉल्फने ऑस्ट्रियाची जहागीर आपल्या मुलांना, आल्ब्रेख्ट आणि रुडॉल्फ यांना, दिली. म्हणजे घराण्याकडे ऑस्ट्रिया आला तो रुडॉल्फ राजा झाल्यानंतर नऊ वर्षांनी, आणि तोही मुलांच्या नावावर.

दुसरी चूक ‘आर्चड्यूक’ या पदवीची. ही पदवी तेव्हा अस्तित्वातच नव्हती. तिची गोष्ट पुढे सविस्तर येईल. तिसरी चूक ‘सम्राट’ या शब्दाची. रुडॉल्फची निवड राजा म्हणून झाली होती, आणि सम्राटपदासाठी पोपच्या हातून जो अभिषेक व्हावा लागे तो त्याचा कधीच झाला नाही. चौथी चूक ‘जर्मनीचा’ या शब्दाची, कारण निवडून आलेल्या राजाची अधिकृत पदवी ‘रोमनांचा राजा’ अशी होती. तेव्हा वाक्य असे हवे : ‘१२७३ साली हॅब्सबर्गचा काउंट रुडॉल्फ याची रोमनांचा राजा म्हणून निवड झाली.’

या चारही चुकांचे मूळ एकच आहे. घराणे, पदवी आणि भूमी या तीन वेगळ्या वस्तू आहेत, त्या तिन्ही आपापल्या वाटेने फिरत राहिल्या, आणि आपण मात्र त्यांची शेवटची जुळणी मनात धरून ती मागच्या शतकांवर लादतो. हॅब्सबर्ग म्हटले की ऑस्ट्रिया, होहेनत्सोलर्न म्हटले की प्रशिया, वेटिन म्हटले की सॅक्सनी अशी जी जोडपी डोक्यात पक्की बसलेली असतात, ती मध्ययुगाच्या बऱ्याच मोठ्या भागात जुळलेलीच नव्हती.

राजा आणि सम्राट यांची सरमिसळ

पवित्र रोमन साम्राज्यात, म्हणजे मुख्यतः जर्मन मुलूख असलेल्या त्या मध्ययुगीन साम्राज्यात, राजा निवडला जाई, आखेनला त्याचा राज्याभिषेक होई, आणि मग त्याला रोमला जाऊन पोपकडून सम्राटपदाचा मुकुट घ्यावा लागे. या शेवटच्या टप्प्यापर्यंत सगळेच पोहोचले नाहीत. तिसरा कोनराड, हॅब्सबर्गचा रुडॉल्फ, नासाउचा आडॉल्फ आणि रुडॉल्फचा मुलगा पहिला आल्ब्रेख्ट हे सगळे राजेच राहिले. जे पोहोचले त्यांच्या बाबतीतही दोन सालांमध्ये अंतर असते : फ्रीडरिख बार्बारोसा ११५२ मध्ये राजा झाला आणि ११५५ मध्ये सम्राट, तर लक्झेंबर्गचा सातवा हाइन्रिख १३०८ मध्ये राजा आणि १३१२ मध्ये सम्राट. ११५३ मधल्या एखाद्या घटनेविषयी लिहिताना ‘सम्राट बार्बारोसाने’ असे लिहिले, तर ते दोन वर्षे आधीच त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवण्यासारखे आहे. रोममध्ये अभिषेक झालेला शेवटचा सम्राट म्हणजे तिसरा फ्रीडरिख, १४५२ मध्ये. त्याच्या मुलाने, माक्सिमिलियनने, १५०८ मध्ये ट्रेंटो येथे ‘निर्वाचित रोमन सम्राट’ ही पदवी धारण केली, आणि तिथून पुढे निवड आणि सम्राटपद यांतले अंतर जवळजवळ मिटले. आपल्या मनातली ‘राजा निवडला म्हणजे सम्राटच’ ही कल्पना त्या नंतरच्या काळातली आहे.

साम्राज्याच्या नावातही वर्षे सांभाळावी लागतात. ‘पवित्र’ हे विशेषण बार्बारोसाच्या दरबारी कागदपत्रांत ११५७ पासून दिसू लागते, ‘पवित्र रोमन साम्राज्य’ हे पूर्ण नाव तेराव्या शतकाच्या मध्यावर रूढ होते, आणि ‘जर्मन राष्ट्राचे’ ही पुरवणी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात जोडली जाते. पहिल्या ऑटोच्या ९६२ च्या अभिषेकाचे वर्णन करताना हे अख्खे लांबलचक नाव वापरणे म्हणूनच गैरलागू ठरते.

पदवीचा अर्थ शब्दशः घेणे

ग्राफ म्हणजे काउंट, हेर्त्सोग म्हणजे ड्यूक, इथपर्यंत अडचण नाही. कॅरोलिंगियन काळात, म्हणजे कार्ल महानच्या घराण्याच्या राजवटीत, ग्राफ हा राजाने नेमलेला अंमलदार होता : आपल्या टापूत न्यायनिवाडा करणे, सैन्य गोळा करणे, राजाचा महसूल सांभाळणे ही त्याची कामे. हेर्त्सोग या शब्दातच फौजेला घेऊन निघणारा असा अर्थ आहे. पुढे ही पदे बापाकडून मुलाकडे जाऊ लागली, काम मागे पडले आणि नाव उरले. देशमुख आणि कुलकर्णी ही कामे होती, मग वतने झाली आणि शेवटी आडनावे उरली, हे ज्याने पाहिले आहे त्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये.

पण लेखक घसरतात ते जोडपदव्यांवर. मार्कग्राफ म्हणजे सरहद्दीच्या प्रांताचा ग्राफ, हे शब्दकोशातले उत्तर बरोबर आहे, आणि ब्रांडेनबुर्ग किंवा माइसेन यांच्या बाबतीत ते लागूही पडते. बाडेनला ते लावले की मात्र गाडी रुळावरून उतरते. ऱ्हाइनकाठचे बाडेन ही साम्राज्याची सरहद्द नव्हती. तिथल्या घराण्याचा मूळपुरुष हेर्मान हा त्सेरिंगेन घराण्यातला, आणि त्याच्याकडे मार्कग्राफ ही पदवी आली ती आल्प्सपलीकडच्या व्हेरोना या सरहद्द प्रांतावरून. व्हेरोनाचा खरा कारभार या घराण्याच्या हाती राहिला नाही, पदवी मात्र राहिली. हेर्मानचा मुलगा दुसरा हेर्मान याने १११२ च्या सुमारास ती आपल्या बाडेन गढीच्या नावाला जोडली, आणि ‘बाडेनचा मार्कग्राफ’ तयार झाला. एका जागची पदवी दुसऱ्या जागच्या नावाला कशी चिकटते याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. ‘बाडेनच्या सीमावर्ती प्रांताचा रक्षक’ असे भाषांतर करणाऱ्याने नकाशा उघडून पाहावा, एवढेच म्हणता येईल.

त्सेरिंगेनच्या मुख्य पातीचे तर याहून विचित्र. तिच्याकडे काही काळ केर्न्टेन या डचीची (म्हणजे ड्यूकच्या मुलुखाची) पदवी होती, प्रत्यक्ष सत्ता तिथे कधी रुजली नाही, आणि पुढे हे लोक एका गढीच्या नावाने ‘त्सेरिंगेनचे ड्यूक’ म्हणवून घेऊ लागले. त्यांच्या मागे जुन्या अर्थाने डची नव्हती, तरी ड्यूकपद होते. बर्न शहर वसवणारा पाचवा बेर्टोल्ड याच घराण्यातला. १२१८ मध्ये त्याच्याबरोबर ही पाती संपली.

फाल्ट्सग्राफ या पदवीत ‘फाल्ट्स’ म्हणजे राजवाडा. म्हणजे हा मूळचा राजवाड्याशी संबंधित अधिकारी, आणि असे फाल्ट्सग्राफ सॅक्सनी, बव्हेरिया, श्वाबेन अशा अनेक ठिकाणी होते. त्यांपैकी ऱ्हाइनकाठचा फाल्ट्सग्राफ इतका मोठा झाला की त्याच्या मुलुखालाच ‘फाल्ट्स’ हे नाव पडले. ११५६ मध्ये हे पद बार्बारोसाने आपला सावत्र भाऊ कोनराड याला दिले आणि १२१४ मध्ये ते विटेल्सबाख घराण्याकडे गेले. ‘ओबरफाल्ट्स’ मात्र ऱ्हाइनपासून खूप दूर, आजच्या बव्हेरियाच्या पूर्वेला आहे, कारण १३२९ च्या पाव्हिया येथील करारात विटेल्सबाखांची वाटणी झाली तेव्हा तो तुकडा फाल्ट्सच्या पातीला मिळाला. नावावरून दोन्ही प्रदेश शेजारी असतील असे समजू नये.

लांडग्राफ ही पदवी ठळकपणे दिसते ती थ्युरिंगेनमध्ये, ११३१ पासून. बुर्गग्राफ म्हणजे गढीचा अधिकारी. त्याला मराठीत किल्लेदार म्हणण्याचा मोह होतो आणि मुळात ते चूकही नाही, पण न्युर्नबेर्गच्या बुर्गग्राफाचे वंशज पुढे ब्रांडेनबुर्गचे अधिपती झाले, हे सांगताना ‘किल्लेदार’ हा शब्द तोकडा पडतो. अशा ठिकाणी मूळ जर्मन शब्द ठेवून पहिल्या उल्लेखात त्याचा अर्थ सांगणे मला जास्त प्रशस्त वाटते.

‘प्रिन्स’ म्हणजे राजपुत्र नव्हे

ही चूक इंग्रजीतून मराठीत येते आणि सर्वाधिक हसू आणते. जर्मनमध्ये दोन शब्द आहेत : फ्युर्स्ट आणि प्रिन्झ. फ्युर्स्ट म्हणजे स्वतःचा मुलूख असलेला अधिपती. प्रिन्झ हा नंतर रुळलेला शब्द, राज्यकर्त्या घराण्यातल्या मुलासाठी. इंग्रजी दोघांनाही ‘प्रिन्स’ म्हणते आणि मराठी भाषांतरकार दोघांनाही ‘राजपुत्र’ करून टाकतो. मग माइन्त्सचा वयोवृद्ध, ब्रह्मचारी आर्चबिशप ‘निर्वाचक राजपुत्र’ होतो, आणि वाचक विचारतो की हा कोणत्या राजाचा पुत्र!

कुरफ्युर्स्ट या शब्दातील ‘कुर’ म्हणजे निवड; राजाची निवड करणारा अधिपती तो कुरफ्युर्स्ट. मराठीत ‘इलेक्टर’ किंवा ‘निर्वाचक अधिपती’ यांपैकी एक शब्द निवडावा आणि लेखभर तोच ठेवावा. सम्राट चौथ्या कार्लने १३५६ मध्ये काढलेल्या ‘सुवर्ण फर्माना’ने हे सात जण पक्के केले : माइन्त्स, ट्रियर आणि कलोन येथील तीन आर्चबिशप, बोहेमियाचा राजा, ऱ्हाइनकाठचा फाल्ट्सग्राफ, सॅक्सनीचा ड्यूक आणि ब्रांडेनबुर्गचा मार्कग्राफ. यादी नीट पाहिली तर लक्षात येईल की ‘कुरफ्युर्स्ट’ ही ड्यूक किंवा मार्कग्राफ यांच्या जागी येणारी पदवी नाही. ती त्या पदव्यांच्या जोडीला येते. म्हणूनच बव्हेरियाचा ड्यूक मोठा असूनही या यादीत नाही आणि ब्रांडेनबुर्गचा मार्कग्राफ आहे.

दुसरा मुद्दा असा की प्रत्येक सरदार फ्युर्स्ट नसतो. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून थेट राजाकडून जहागीर धारण करणाऱ्या बड्या अधिपतींचा एक बंदिस्त वर्ग तयार झाला. ड्यूक, बहुतेक मार्कग्राफ, फाल्ट्सग्राफ, थ्युरिंगेनचा लांडग्राफ, शिवाय बिशप आणि मोठ्या मठांचे प्रमुख हे त्यात होते. साधे काउंट सहसा त्याबाहेर. वर चढायचे तर राजाकडून रीतसर बढती मिळावी लागे : हेसेनच्या हाइन्रिखला ती १२९२ मध्ये मिळाली, लक्झेंबर्गची काउंटी १३५४ मध्ये डची झाली, आणि व्युर्टेम्बेर्गचा काउंट एबरहार्ड १४९५ मध्ये ड्यूक झाला. चौदाव्या शतकातल्या कोणाला ‘व्युर्टेम्बेर्गचा ड्यूक’ म्हणणे त्यामुळे चूकच ठरते, मग त्याचा मुलूख कितीही मोठा असो.

याच ओघात एक सूचना. या व्यवस्थेसाठी मराठीत आपण ‘सरंजामशाही’ हा शब्द वापरतो आणि तो आता रुळलेला आहे. पण मराठेशाहीतला सरंजाम म्हणजे प्रामुख्याने फौज बाळगण्यासाठी तोडून दिलेला महसूल. जर्मन ‘लेहेन’मध्ये, म्हणजे तिकडच्या जहागिरीत, धनी आणि धारक यांच्यातला शपथेचा व्यक्तिगत बंध महत्त्वाचा असून तो धनी किंवा धारक बदलला की पुन्हा बांधावा लागे. शब्द वापरावा, पण त्याबरोबर आपल्याकडचे सगळे तपशील तिकडे नेऊ नयेत.

‘आर्चड्यूक’ : बनावट कागदावरची पदवी

११५६ मध्ये बार्बारोसाने ऑस्ट्रियाला मार्कग्राफच्या प्रांतावरून डचीचा दर्जा दिला, हे खरे फर्मान. दोनशे वर्षांनंतर सुवर्ण फर्मानाने हॅब्सबर्गांना निर्वाचकांच्या यादीतून वगळले, तेव्हा ऑस्ट्रियाचा तरुण ड्यूक चौथा रुडॉल्फ याने १३५८-५९ मध्ये जुन्या फर्मानांचा एक बनावट संच तयार करवला. त्यात ऑस्ट्रियाला भरमसाट विशेषाधिकार होते आणि आर्चड्यूक ही पदवीही होती. भरीला ज्यूलियस सीझर आणि नीरो यांची तथाकथित पत्रेही जोडलेली होती. सम्राट चौथा कार्ल हा रुडॉल्फचा सासरा. त्याने ती पत्रे इटालियन विद्वान पेत्रार्काकडे अभिप्रायासाठी पाठवली, आणि पेत्रार्काने ती धडधडीत खोटी ठरवली.

गंमत पुढेच आहे. हॅब्सबर्ग घराण्यातलाच तिसरा फ्रीडरिख सम्राट झाल्यावर त्याने १४५३ मध्ये हेच बनावट फर्मान मंजूर केले, आणि पदवी कायदेशीर झाली. म्हणून १३५८ पूर्वी ‘आर्चड्यूक’ लिहूच नये, १३५८ ते १४५३ या काळात ‘घराण्याने दावा केलेली पदवी’ असे म्हणावे, आणि त्यानंतर निर्धास्त लिहावे.

नाव तेच, जागा निराळी : सॅक्सनी

एखाद्या लेखात हाइन्रिख सिंह हा ‘सॅक्सनीचा ड्यूक’ असल्याचे वाचून लेखकाने सोबत ड्रेस्डेनचे छायाचित्र लावले, तर काय बिघडले? बरेच बिघडले. हाइन्रिखचा सॅक्सनी म्हणजे उत्तरेकडचा, आजच्या नीडरझाक्सेन आणि वेस्टफालिया यांच्या बाजूचा प्रदेश. ब्राउनश्वाइग हे त्याचे मुख्य ठाणे. ड्रेस्डेन ज्यात आहे तो आजचा सॅक्सनी एल्बे नदीच्या वरच्या अंगाला आहे, आणि हाइन्रिखच्या काळात तो भाग माइसेनच्या मार्कग्राफाचा होता.

नाव सरकले कसे, हे पाहण्यासारखे आहे. वेल्फ घराण्यातल्या हाइन्रिखकडे सॅक्सनी आणि बव्हेरिया अशा दोन डच्या होत्या. बार्बारोसाशी बिनसल्यावर ११८० मध्ये त्या दोन्ही काढून घेण्यात आल्या. बव्हेरिया विटेल्सबाखच्या ऑटोला मिळाला. सॅक्सनीचे दोन भाग झाले : वेस्टफालियातले ड्यूकपद कलोनच्या आर्चबिशपला, आणि पूर्वेकडचे, म्हणजे ‘सॅक्सनीचा ड्यूक’ हे नाव, आस्कानियन घराण्यातल्या बेर्नहार्डला. बेर्नहार्डच्या घराण्याचे खरे बळ एल्बेच्या मधल्या पट्ट्यात होते, त्यामुळे नावही हळूहळू तिकडे, व्हिटेनबेर्गच्या आसपास गेले. पुढे त्यांच्यातही लाउएनबुर्ग आणि व्हिटेनबेर्ग अशा दोन पात्या पडल्या आणि दोघीही निर्वाचनाच्या हक्कासाठी भांडू लागल्या. सुवर्ण फर्मानाने तो हक्क व्हिटेनबेर्गला दिला. १४२२ मध्ये व्हिटेनबेर्गची पाती निर्वंश झाली, आणि पुढच्याच वर्षी राजा सिगिसमुंडने तो मुलूख आणि निर्वाचकपद माइसेनच्या वेटिन मार्कग्राफाला, फ्रीडरिखला, दिले. मोठी पदवी मिळाल्यावर लहान पदवी कोण मिरवणार? वेटिन आपल्या सगळ्याच मुलुखाला सॅक्सनी म्हणू लागले, आणि नाव एल्बेच्या प्रवाहाविरुद्ध चढत ड्रेस्डेनला पोहोचले. १४८५ मध्ये वेटिनांचीही वाटणी झाली आणि एर्नेस्टाइन व आल्बर्टाइन अशा दोन पात्या वेगळ्या झाल्या.

वेल्फ मात्र मूळ जागीच राहिले. १२३५ मध्ये हाइन्रिख सिंहाच्या नातवाला ब्राउनश्वाइग-ल्युनेबुर्गचे नवे ड्यूकपद मिळाले. जुन्या सॅक्सनीत सॅक्सनीचे नाव न लावणारे ड्यूक, आणि जुन्या सॅक्सनीबाहेर सॅक्सनीचे ड्यूक, असा हा मामला आहे. त्यामुळे ‘सॅक्सनी’ हा शब्द लिहिताना शेजारी साल नसेल तर तो शब्द जवळजवळ निरर्थक होतो.

एका वेळी एकच ड्यूक असतो, हे गृहीतक

जर्मन घराण्यांत मध्ययुगाच्या अखेरपर्यंत मुलांमध्ये मुलूख वाटून घेण्याची रीत होती आणि पदवी सगळ्यांकडे जाई. १३९२ च्या वाटणीनंतर बव्हेरियात म्युनिक, इंगोलश्टाट आणि लांड्सहूट येथे तीन भाऊ वेगवेगळे बसले, आणि श्ट्राउबिंगची पाती १३५३ पासूनच निराळी होती. हे चौघेही स्वतःला ‘बव्हेरियाचा ड्यूक’ म्हणवत. ‘१४०० मध्ये बव्हेरियाचा ड्यूक कोण होता?’ या प्रश्नाला म्हणून एका नावाचे उत्तर नाही. संदर्भात दोन निराळी नावे सापडली म्हणून त्यांतले एक चुकीचे ठरवून खोडून टाकू नये. आधी कोणती पाती ते पाहावे. सुवर्ण फर्मानाने निर्वाचकांच्या मूळ मुलुखाची वाटणी बंद केली होती, पण इतरांना तो नियम नव्हता. बव्हेरियात ज्येष्ठ पुत्राच्या वारशाचा नियम झाला तो १५०६ मध्ये, लांड्सहूटच्या वारसायुद्धानंतर.

क्रमांकांचा घोळ

क्रमांक माणसाला नसतो, माणसाच्या एका विशिष्ट पदाला असतो. न्युर्नबेर्गचा बुर्गग्राफ सहावा फ्रीडरिख आणि ब्रांडेनबुर्गचा निर्वाचक पहिला फ्रीडरिख हा एकच होहेनत्सोलर्न. १४१५ मध्ये सिगिसमुंडने त्याला ब्रांडेनबुर्ग दिले आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. सम्राट तिसरा फ्रीडरिख हा ऑस्ट्रियाचा ड्यूक म्हणून पाचवा होता. हाइन्रिख सिंह सॅक्सनीत तिसरा तर बव्हेरियात बारावा. वंशावळीत असे दोन क्रमांक दिसले की नवशिका लेखक एकाच माणसाचे दोन करतो, आणि मग एकाची पत्नी दुसऱ्याची सून होऊन बसते. जन्म-मृत्यूची साले जुळवून पाहिली की हा गुंता बहुधा लगेच सुटतो.

नावांच्या दोन रूपांचेही तसेच. एका परिच्छेदात ‘हेन्री’ आणि पुढच्यात ‘हाइन्रिख’, एकदा ‘चार्ल्स’ आणि एकदा ‘कार्ल’ असे लिहिले तर वाचकाला दोन माणसे दिसतात. इंग्रजी रूप घ्यावे की जर्मन, याबाबत माझा आग्रह नाही. एकच घ्यावे, याबाबत आहे. रॉइस घराण्यात मात्र कोणत्याही रूपाचा उपयोग नाही, कारण तिथे सगळ्या मुलग्यांचे नाव हाइन्रिखच ठेवण्याची प्रथा होती आणि क्रमांक थेट सत्तरीच्याही पुढे गेलेला आहे.

‘कझिन’, ‘अंकल’ आणि ‘नेफ्यू’

ही अडचण खास आपल्या भाषेची आहे. इंग्रजी पुस्तकात बार्बारोसा आणि हाइन्रिख सिंह हे ‘कझिन’ असतात आणि मराठीत ते हटकून ‘चुलत भाऊ’ होतात. बार्बारोसाची आई युडिथ ही वेल्फ घराण्याची लेक, आणि तिच्या भावाचा मुलगा म्हणजे हाइन्रिख सिंह. तो बार्बारोसाचा मामेभाऊ. हा फरक केवळ शब्दाचा नाही : चुलत भाऊ म्हटले की दोघे एकाच घराण्याचे ठरतात, आणि होहेनश्टाउफेन व वेल्फ या दोन घराण्यांमधल्या वैराची सगळी कथाच कोसळते. बार्बारोसाची निवड होण्यात तो दोन्ही बाजूंच्या रक्ताचा होता हे कारण मोलाचे मानले गेले, आणि ‘मामेभाऊ’ हा एक शब्द ते सांगून टाकतो.

‘नेफ्यू’चेही तेच. तिसऱ्या कोनराडनंतर राजा झालेला बार्बारोसा हा त्याचा पुतण्या, तर वेल्फ घराण्यातला चौथा ऑटो हा इंग्लंडच्या रिचर्ड सिंहहृदयीचा भाचा, कारण त्याची आई मटिल्डा रिचर्डची बहीण. ११५६ मध्ये ऑस्ट्रियाचा पहिला ड्यूक झालेला हाइन्रिख यासोमिरगॉट हा बाबेनबेर्ग घराण्यातला असूनही कोनराडचा भाऊ कसा, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. उत्तर आईकडे आहे. सम्राट चौथ्या हाइन्रिखची मुलगी आग्नेस हिचे पहिले लग्न श्वाबेनच्या फ्रीडरिखशी झाले, त्याच्यापासून कोनराड; विधवा झाल्यावर तिने ऑस्ट्रियाच्या तिसऱ्या लेओपोल्डशी लग्न केले, त्याच्यापासून यासोमिरगॉट आणि इतिहासकार बिशप ऑटो. दोन घराणी, पण आई एक. फक्त बापांच्या रांगा मांडणाऱ्या वंशावळीत हे दिसत नाही, म्हणून कोडे पडले की आधी बायकांची नावे शोधावीत.

थ्युरिंगेनमध्ये तर सगळा वारसा अशाच नात्यांवर लढवला गेला. लांडग्राफ हाइन्रिख रास्पे १२४७ मध्ये निपुत्रिक वारला. हक्क सांगायला एकीकडे त्याची पुतणी सोफी आपल्या लहान मुलासाठी उभी राहिली, आणि दुसरीकडे त्याच्या सावत्र बहिणीचा मुलगा, माइसेनचा वेटिन मार्कग्राफ हाइन्रिख. १२६४ मध्ये भांडण मिटले तेव्हा थ्युरिंगेन भाच्याकडे गेले आणि सोफीच्या मुलाकडे हेसेन राहिले. हेसेनचे वेगळे अधिपती तिथपासूनचे.

घराण्याचे नाव टिकले म्हणजे पुरुषवंश टिकला, असेही धरू नये. जुन्या वेल्फांचा पुरुषवंश १०५५ मध्येच संपला होता. नंतरचे सगळे वेल्फ हे त्या घराण्याची लेक कुनिगुंडे आणि इटलीतल्या एस्ते घराण्यातला तिचा पती आत्सो यांच्या मुलाचे वंशज. आईकडची मालमत्ता मिळाली आणि नावही आईकडचेच चालले.

‘फॉन’ दिसला की सरदार

‘फॉन’ म्हणजे ‘चा’, ‘कडचा’. मध्ययुगात तो गावावरून येतो, आणि गावावरून नाव शहरातल्या व्यापाऱ्यालाही पडते. उलट गढीत राहणारा, घोड्यावरून लढणारा प्रत्येक ‘फॉन’ कायद्याने स्वतंत्र होताच असे नाही : मिनिस्टेरिआलिस या नावाचा एक मोठा वर्ग होता, जो शूर, श्रीमंत, सत्तावान आणि तरीही धन्याचा बांधील होता. सम्राट सहाव्या हाइन्रिखचा विश्वासू मार्कवार्ड फॉन आनव्हाइलर हा त्यांतलाच. ११९५ मध्ये सम्राटाने त्याला बंधमुक्त केले आणि इटलीत रावेन्नाचे ड्यूकपद व आंकोनाचे मार्कग्राफपद दिले. त्यापूर्वीच्या मार्कवार्डला ‘उमराव’ म्हणणे चूक आहे आणि ‘गुलाम’ म्हणणे त्याहून मोठी चूक.

घराण्याचे नावही आडनावासारखे लिहू नये. ‘रुडॉल्फ हॅब्सबर्ग’ ऐवजी ‘हॅब्सबर्गचा रुडॉल्फ’ हे बरे, कारण गढी बदलली की नाव बदले. विटेल्सबाखांचे पूर्वज शेयर्नचे काउंट म्हणून ओळखले जात. हॅब्सबर्ग गढी तर १४१५ मध्ये स्विस संघाच्या बाजूने लढणाऱ्या बर्नने घेतली, आणि ते घराणे स्वतःला ‘ऑस्ट्रियाचे घराणे’ म्हणवून घेण्यात अधिक भूषण मानू लागले.

साल एकाने चुकते तेव्हा

सगळे तपासूनही कधीकधी दोन विश्वासार्ह पुस्तकांत एका वर्षाचा फरक राहतो. अशा वेळी महिना पाहावा. साम्राज्याच्या दरबारात वर्ष बहुधा नाताळच्या दिवशी बदले, त्यामुळे २५ ते ३१ डिसेंबरच्या घटना जुन्या कागदात पुढच्या वर्षात जातात. कार्ल महानचा ८०० च्या नाताळातला अभिषेक तत्कालीन बखरीत ८०१ खाली येतो तो यामुळेच. ट्रियरच्या प्रदेशात याउलट वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून ट्रियरच्या एखाद्या दस्तऐवजावर ‘२ फेब्रुवारी १३०१’ अशी तारीख असेल, तर आपल्या मोजणीने तो दिवस १३०२ मधला आहे.